शब्दचर्चा: ‘चुरशीचा मतदारसंघ’ म्हणजे नेमका कोणता?

अनुस्वार
व्हर्जिनिया आणि मिशिगन या अमेरिकी राज्यांच्या विधिमंडळ निवडणुकांवरचा एक मराठी मजकूर तपासते आहे. त्यात ‘स्पर्धात्मक जिल्हे’, ‘स्विंग जिल्हे’, ‘सुरक्षित जिल्हे’ असे शब्द जागोजागी आले आहेत. ‘जिल्हा’ काढून ‘मतदारसंघ’ करायचं हे ठरलं आहे. अडलंय ते विशेषणांपाशी. चुरशीचा, अटीतटीचा, काट्याचा, दोलायमान, लक्षवेधी हे सगळे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. या मजकुरात मात्र आकड्यांचे तक्ते आहेत, त्यामुळे एका शब्दाला एकच अर्थ हवा. कुठला शब्द कशाला वापरावा? आणि मतदारसंघ चुरशीचा आहे हे ठरवायचं कशावरून?

भीमथडी
‘जिल्हा’ काढताय हे उत्तम. तिकडे आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काउंटी. व्हर्जिनियाच्या कनिष्ठ सभागृहाचे १०० आणि सिनेटचे ४० मतदारसंघ आहेत, आणि त्यांतले बरेच काउंटीच्या हद्दी ओलांडून जातात. ‘जिल्हा’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे जिल्हाधिकारी कचेरी येते आणि पुढचं सगळं चुकतं.

‘स्पर्धात्मक’ही काढा. मराठीत तो दरांना आणि परीक्षांना चिकटलेला शब्द आहे. निवडणुकीत आपण चुरस म्हणतो.

आता विशेषणं. ‘चुरशीची’ आणि ‘अटीतटीची’ ही लढतीची विशेषणं आहेत, ती निकालाआधीही लावता येतात आणि नंतरही. ‘निसटता’ हे फक्त विजयाला किंवा पराभवाला लागतं, म्हणजे निकालानंतरच. प्रचार सुरू असताना ‘निसटती लढत’ लिहिणं चूक. कार्यकर्ते बोलताना ‘सीट घासून आहे’ म्हणतात. ते मतदानाआधीचं भाकीत असतं, तक्त्यात घेण्यासारखं नाही.

‘लक्षवेधी’ पूर्ण वेगळा. उमेदवार मोठे, नातं जवळचं किंवा वाद गाजलेला, की लढत लक्षवेधी होते. २०२४ ची बारामती घ्या. अजित पवार विरुद्ध पुतणे युगेंद्र पवार, साऱ्या राज्याचं लक्ष तिथे होतं. मताधिक्य निघालं १,००,८९९. लक्षवेधी होती, चुरशीची नव्हती. माध्यमांनी ज्यांना ‘चुरशीच्या लढती’ म्हटलं त्यांची यादी घेऊन कुणी मतदारसंघ निवडायला बसला तर यादी उमेदवारांच्या प्रसिद्धीची होईल.

‘संवेदनशील’ही टाळा. तो प्रशासनाचा शब्द आहे, कायदा-सुव्यवस्थेच्या अंगाने मतदान केंद्रांना लावतात.

मतपेटी
भीमथडींशी सहमत. मोजण्याची बाजू मी मांडतो.

पहिली चूक होते ती मताधिक्य नुसत्या मतांत लिहिण्याची. दोन उदाहरणं शेजारी ठेवा. गोवा, २०२२, सांत आंद्रे: वीरेश बोरकर ५,३९५, फ्रान्सिस सिल्वेरा ५,३१९, फरक ७६. महाराष्ट्र, २०२४, मालेगाव मध्य: मुफ्ती इस्माईल १,०९,६५३, आसिफ शेख १,०९,४९१, फरक १६२. आकडा पाहिला तर गोव्याची लढत जास्त अटीतटीची वाटते. पहिल्या दोघांच्या मतांच्या बेरजेशी प्रमाण काढलं तर सांत आंद्रे ०.७१ टक्के आणि मालेगाव मध्य ०.०७ टक्के. जवळपास दहापट फरक, तोही उलट दिशेने. गोव्यातला विधानसभा मतदारसंघ आपल्या मतदारसंघाच्या मानाने फार लहान, म्हणून असं होतं. अमेरिकेत राज्याराज्यांच्या मतदारसंघांचे आकार याहून विषम आहेत. तेव्हा ‘हजारापेक्षा कमी फरक म्हणजे चुरशीचा’ असला निकष कुठेच लावू नका.

दुसरं, छेद कोणता ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा. तीन शक्यता असतात: पहिल्या दोघांची बेरीज, एकूण वैध मतं, किंवा ‘नोटा’ धरून पडलेली सगळी मतं. अमेरिकेतल्या दुरंगी लढतीत पहिल्या दोन पद्धतींत फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे पडतो. मी एकूण वैध मतं घेतो. अनामत रकमेचा नियमही त्याच छेदावर चालतो (वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मिळाली नाहीत तर अनामत जप्त), आणि त्यात ‘नोटा’ धरत नाहीत.

तिसरं, उंबरठा. वैध मतांच्या ५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर ‘चुरशीची लढत’, १ टक्क्याच्या आत असेल तर ‘अटीतटीची’. ५ हा आकडा सोयीचा आहे, कायद्यातला नाही. काही जण १० घेतात. काहीही घ्या, पण एकदा घेतला की मधेच बदलू नका.

अनुस्वार
मताधिक्य ४ टक्के आणि ‘४ टक्के मतं फिरली’ यांत मजकुरात गोंधळ आहे. ५२ विरुद्ध ४८ चं उदाहरण दिलंय.

मतपेटी
५२–४८ मध्ये मताधिक्य ४ टक्केबिंदू. निकाल उलटायला मात्र २ टक्केबिंदू मतदार इकडून तिकडे गेले की पुरे, कारण एकाचं घटतं तेवढंच दुसऱ्याचं वाढतं. ‘टक्के’ऐवजी ‘टक्केबिंदू’ लिहा. ४८ वरून ५० वर जाणं ही २ टक्केबिंदूंची वाढ आहे, २ टक्क्यांची नाही. आणि हे अर्धं करणं फक्त दोघांतल्या फिरणाऱ्या मतांना लागू. तिसऱ्याकडची मतं फुटून एकाकडे आली तर पूर्ण ४ लागतील.

पूर्वाई
‘मताधिक्य’ आणि ‘आघाडी’ यांवर एक सूचना. मतमोजणी चालू असताना असते ती आघाडी, निकालानंतर राहतं ते मताधिक्य. शिवाय आपल्याकडे आघाडी म्हणजे पक्षांची युतीही. ‘आघाडीला ४० जागांवर आघाडी’ असं वाक्य वाचताना अडखळायला होतं. तक्त्यात ‘आघाडी’ नकोच.

‘कल’चंही तसंच. अमेरिकी अंदाज वर्तवणारे मतदारसंघांच्या पायऱ्या करतात: सुरक्षित, बहुधा, झुकलेला, अनिश्चित. तिसऱ्या पायरीला कुणी ‘कल’ म्हणतात, पण मराठी वाचकाला ‘कल’ म्हटलं की मतमोजणीच्या सकाळचे पहिले आकडे आठवतात. ‘डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेला’ हे स्वच्छ आहे. टॉस-अपला ‘अनिश्चित’ म्हणा.

‘सुरक्षित’ वापरायला मराठीत अडचण नाही. हिंदीत ‘सुरक्षित सीट’ म्हणजे राखीव जागा असाही अर्थ होतो. आपल्याकडे त्यासाठी ‘राखीव’ पक्का रुजला आहे, त्यामुळे घोळ होत नाही. हिंदी बातमीवरून मजकूर घेताना मात्र जपा. ‘बालेकिल्ला’ म्हणजे वर्षानुवर्षं एकाच पक्षाकडे किंवा घराण्याकडे असलेला, म्हणजे त्यात इतिहास येतो. नव्या हद्दींच्या मतदारसंघाला बालेकिल्ला म्हणणं घाईचं.

भीमथडी
आता ‘स्विंग’, म्हणजे आपला ‘दोलायमान’. मुख्य घोळ इथे आहे. एखादी लढत चुरशीची झाली म्हणून तो मतदारसंघ दोलायमान होत नाही. दोलायमान म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे जाणारा. फरक थोडा असो की मोठा.

संगमनेर पाहा. १९८५ पासून बाळासाहेब थोरात सतत निवडून येत होते, २०१९ चं मताधिक्य ६२,२५२. कुठल्याही तक्त्यात ‘सुरक्षित’च्या रकान्यात पहिलं नाव. २०२४ ला अमोल खताळ १०,५६० मतांनी जिंकले. उलट साकोली: नाना पटोले २०१९ ला ६,२४० मतांनी आणि २०२४ ला अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. चुरस दोन्ही वेळा, जागा मात्र हलली नाही.

मतपेटी
म्हणूनच एका निवडणुकीवर मतदारसंघाला विशेषण लावू नये. मालेगाव मध्यमध्ये २०१९ ला हेच दोघे समोरासमोर होते आणि फरक होता ३८,५१९. पाच वर्षांनी १६२. चांदिवलीत उलट झालं: २०१९ ला दिलीप लांडे यांनी नसीम खान यांना ४०९ मतांनी हरवलं, २०२४ ला तीच जोडी, फरक वीस हजारांवर. २०१९ चा निकाल पाहून चांदिवलीवर ‘चुरशीचा मतदारसंघ’ असा शिक्का मारणारा २०२४ ला तोंडघशी पडला असता.

माझी पद्धत अशी. २०१४, २०१९, २०२४ हे तीन निकाल घ्यायचे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९ पासून, हद्दी त्याच आहेत, म्हणून तुलना चालते. २००४ चे आकडे त्याच नावाखाली जोडले की घात होतो. नाव राहतं, गावं बदललेली असतात. तिन्ही वेळचं मताधिक्य वैध मतांच्या टक्क्यांत काढायचं. तीनपैकी दोनदा ५ च्या आत असेल तर ‘चुरशीचा मतदारसंघ’. पक्ष बदलला का, हा वेगळा रकाना, त्यावरून ‘दोलायमान’. हे दोन रकाने कधीही एकात मिसळायचे नाहीत.

इथे महाराष्ट्रात एक मोठी अडचण आहे. २०१४ ला भाजप, शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी चौघेही स्वतंत्र लढले. २०१९ ला दोन युत्या होत्या. २०२४ पर्यंत शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटून चारांचे सहा झाले. तेव्हा ‘पक्ष बदलला का’ याचं उत्तर चिन्हावरून द्यायचं, उमेदवारावरून की युतीवरून, हे आधी ठरवावं लागतं. मी युतीवरून देतो आणि शेजारी उमेदवाराचं नाव ठेवतो. २०१४ ची भाजप-सेनेची मतं बेरीज करून ‘युती असती तर’ असा आकडा काही जण काढतात. तो काढू नका. पक्ष एकत्र आले की मतं जशीच्या तशी एकत्र येत नाहीत.

पूर्वाई
तिरंगी लढतीचं काय? तिथे मताधिक्य आपोआप कमी निघतं.

मतपेटी
बरोबर, आणि म्हणून आणखी एक रकाना लागतो: परिणामकारक उमेदवारसंख्या, म्हणजे लढत प्रत्यक्षात किती जणांत झाली याचा आकडा. प्रत्येकाचा मतांचा वाटा दशांशात घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, आणि १ ला त्या बेरजेने भागा. माहीम २०२४: महेश सावंत ५०,२१३, सदा सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. या तिघांपुरतं गणित केलं तर वाटे साधारण ०.३८, ०.३७, ०.२५. वर्ग ०.१४४, ०.१३७, ०.०६३, बेरीज ०.३४४, उत्तर सुमारे २.९. म्हणजे खरोखर तिरंगी. मालेगाव मध्यच्या पहिल्या दोघांचं असंच काढलं तर उत्तर २ येतं. दोन्हीकडे निसटता विजय, पण माहीममध्ये पुढच्या वेळी तिसरा उमेदवार उभा राहिला नाही तर १,३१६ हा फरक काहीच सांगत नाही. मालेगावचा १६२ बरंच सांगतो.

अनुस्वार
‘दोलायमान’ वाचायला जड वाटतो. ‘फिरता मतदारसंघ’ चालेल?

भीमथडी
नको. स्थानिक संस्थांमध्ये आरक्षण चक्राकार फिरतं, त्यामुळे ‘फिरता’ म्हटलं की आरक्षण बदलणारा प्रभाग डोक्यात येतो. ‘कुंपणावरचा’ मतदारांना शोभतो, मतदारसंघाला नाही. पहिल्यांदा ‘दोलायमान, म्हणजे आलटून पालटून पक्ष बदलणारा’ असं उलगडून लिहा. पुढे वाचक सरावतो.

डेट्रॉईटकर
मिशिगनच्या बाजूने दोन गोष्टी. तिथले बरेच मतदारसंघ नोव्हेंबरमध्ये मुळीच चुरशीचे नसतात. सगळी चुरस ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, होऊन गेलेली असते. बेळगावचे श्री ठाणेदार २०२० मध्ये मिशिगनच्या कनिष्ठ सभागृहात गेले ते डेट्रॉईटमधल्या तिसऱ्या मतदारसंघातून. तो डेमोक्रॅटांसाठी पूर्ण सुरक्षित. खरी लढत होती पक्षाच्या बहुरंगी प्रायमरीत. तुमच्या तक्त्यात फक्त नोव्हेंबरचा निकाल असेल तर हा मतदारसंघ ‘चुरस नाही’ या रकान्यात जाईल आणि ते अर्धंच खरं ठरेल. ‘पक्षांतर्गत चुरस’ असा वेगळा शब्द ठेवा. ‘प्राथमिक निवडणूक’पेक्षा ‘प्रायमरी’च बरी, नाहीतर लोकांना पहिली फेरी वाटते.

दुसरी गोष्ट, हद्दी. तिथे दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर हद्दी बदलतात. मिशिगनमध्ये २०२२ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली आणि कनिष्ठ सभागृह ५६–५४ असं लागलं. अशा वेळी आधीच्या आमदारांचे निकाल वापरता येत नाहीत. राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नरपदाची मतं केंद्रनिहाय घेऊन नव्या हद्दींत पुन्हा जुळवतात. त्यातही आमदार पुन्हा उभा आहे की जागा मोकळी आहे, हे वेगळं नोंदवावं लागतं. मोकळी जागा बहुतेक वेळा जास्त चुरशीची होते.

मतपेटी
हाच प्रयोग आपल्याकडे लोकसभेच्या विधानसभानिहाय मताधिक्यावर करतात. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा होत्या. त्यावरून विधानसभेचे तक्ते मांडले गेले, आणि नोव्हेंबरमध्ये महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जिंकल्या. सहा महिन्यांत. लोकसभेचे आकडे वापरा, पण ‘चुरशीचा’ ठरवायला नव्हे. कुठल्या गावांत मतं हलली हे पाहायला ते उपयोगी आहेत.

पूर्वाई
समसमान मतांना काय म्हणायचं? मजकुरात व्हर्जिनियाच्या ९४ व्या मतदारसंघाचा उल्लेख आहे.

भीमथडी
ते २०१७ चं. पहिल्या मोजणीत डेव्हिड यान्सी १० मतांनी पुढे, फेरमोजणीत शेली सायमंड्स १ मताने पुढे, मग न्यायालयाने एक वादग्रस्त मतपत्रिका यान्सींच्या बाजूने धरली आणि दोघांना ११,६०८. ४ जानेवारी २०१८ ला भांड्यातून नाव काढलं, यान्सींचं निघालं, आणि रिपब्लिकन पक्षाचं बहुमत ५१–४९ असं टिकलं.

आपल्याकडे याला ‘समसमान मतं’ आणि ‘चिठ्ठी’ हे शब्द आहेत. ग्रामपंचायतीच्या बातम्यांत ‘ईश्वरी चिठ्ठी’ सर्रास येतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६५ चिठ्ठीचंच सांगतं. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकालही चिठ्ठीनेच लागला. ‘बरोबरी’ लिहू नका, तो खेळाचा शब्द आहे. आणि १ मताचा फरक म्हणजे समसमान नव्हे. राजस्थानात २००८ ला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने हरले, चिठ्ठीचा प्रश्नच आला नाही.

अनुस्वार
महाराष्ट्राचे केंद्रनिहाय आकडे कुठे मिळतात? नमुना म्हणून एका मतदारसंघाचा तक्ता शेजारी द्यायचा आहे.

मतपेटी
फॉर्म २० मागा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं त्यात असतात. तीन ठिकाणी चुकतं. टपाली मतं शेवटी वेगळ्या ओळीत असतात, केंद्रांची बेरीज करताना ती सुटतात आणि अटीतटीच्या लढतीत मताधिक्य चुकीचं निघतं. ‘नोटा’ वैध मतांच्या बेरजेनंतर वेगळ्या रकान्यात असते, तिची बेरीज वैध मतांत करू नका. आणि मतदान केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांत तेच राहतात असं धरू नका. केंद्रं वाढली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, तेव्हा जुळवणी केंद्राच्या नावावरून आणि गावावरून करा.