घरी केलेल्या मोटरची ताकद वाढवायची आहे, आजच सांगा!

पूर्वा_दहावी: मोटर फिरते, पण कागदाचं पातं लावलं की थांबते. ९ व्होल्टची बॅटरी लावूनही फरक नाही. काय करू? शनिवारी शाळेत प्रदर्शन आहे.

वायरमनकाका: तार किती गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक)? वेढे किती? चुंबक कुठला?

पूर्वा_दहावी: काका, नेहमीचीच, सेफ्टी पिनांवर फिरते ती. तार तांब्याची, बारीक.

सांगलीकर: वेढे दुप्पट कर, जोर दुप्पट होईल.

वायरमनकाका: नाही होणार. वेढे दुप्पट म्हणजे तार दुप्पट, रोध दुप्पट, करंट निम्मा. तार जाड घे. ३६ गेजच्या एक मीटर तारेचा रोध साधारण ०.६ ओहम, २६ गेजचा ०.१. आणि ती चौकोनी बॅटरी काढ, तिच्या आतलाच रोध जास्त असतो. १.५ व्होल्टचे मोठे सेल वापर.

रानवारा: मी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवली होती, भन्नाट पळाली.

वायरमनकाका: अहो, मुलीला असलं सांगू नका! ती बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, तार लालबुंद होते. पूर्वा, इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात लावू नकोस.

सांगलीकर: वेढ्यांचं सूत्र पुस्तकात आहे, मी मनाचं सांगत नाहीये.

वायरमनकाका: सूत्रात करंटही आहे ना? तो कायम राहिला तरच तुमचं खरं.

शेतीमित्र: मोटरचा विषय निघालाच आहे तर, आमची विहिरीवरची ५ एचपीची सारखी जळते. काय करावं?

रानवारा: थ्री फेज असेल तर एक फेज जात असेल. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र, बसवा.

मीनाताई_शिक्षिका: तक्त्यावर फॅरेडेचा १८२१ चा प्रयोग जरूर काढ. पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरली होती.

पूर्वा_दहावी: ताई, तक्ता झालाय. मोटरचं सांगा ना!

मीनाताई_शिक्षिका: बरं. तारेची टोकं, म्हणजे त्यांवरचं वार्निश, कशी खरवडलीस?

पूर्वा_दहावी: एक पूर्ण, दुसरं अर्ध्याच बाजूने.

मीनाताई_शिक्षिका: मग अर्ध्या फेरीतच करंट जाऊन ढकल मिळतेय, उरलेली फेरी वेटोळं नुसत्या वेगावर काढतं. दुभंगलेलं कडं कर. रिफिलच्या नळीवर तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या समोरासमोर बसव, मध्ये बारीक फट ठेव. एकेका पट्टीला तारेचं एकेक टोक सोल्डरने जोड आणि दोन ब्रश, म्हणजे बॅटरीतून करंट आणणारी टोकं, हलके टेकव. वेटोळ्याचं तोंड चुंबकाकडे असताना ब्रश फटींवर आले पाहिजेत. म्हणजे दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत ढकल मिळेल.

वायरमनकाका: अगदी बरोबर. शिवाय वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या स्पीकरचे चुंबक लाव, विरुद्ध ध्रुव समोरासमोर. वेटोळं घासणार नाही इतपतच अंतर ठेव.

पूर्वा_दहावी: पत्रा नाही. चपातीचा फॉइल चालेल?

वायरमनकाका: ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही. वाइंडिंगवाल्याकडे पत्र्याचा तुकडा माग, देईल.

पूर्वा_दहावी: आणि फेविक्विकने चिकटवू?

मीनाताई_शिक्षिका: चालेल. फक्त पट्टीच्या वरच्या बाजूला लागू देऊ नकोस, ब्रशचा संपर्क तुटेल.