बागेतला फवारा रात्री बंद कोण करतं?
(इंदूरच्या एका सोसायटीचा ग्रुप)

जोगळेकर काका, बी-२०४ (७:०६)
सुप्रभात. कॉमन मीटरचं मे महिन्याचं बिल गेटवर लावलंय. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो लावून वाचावं. एप्रिलपेक्षा साडेपाच हजार जास्त. काल पहाटे पावणेपाचला फिरायला उतरलो तर बागेतले दोन्ही कूलर आणि फवारा चालू. माणूस एक नाही. एक कुत्रं ताणून झोपलेलं, तेही आपल्या सोसायटीचं नाही.

निखिल, सी-३०२ (७:०९)
भिया, कुत्र्याचं नाव मेंटेनन्सच्या यादीत टाका 😂

कुलकर्णी काकू, ए-१०१ (७:१५)
टँकरचं रजिस्टर कुणी बघितलंय का?

मोघे (सेक्रेटरी) (७:३१)
जोगळेकर साहेब, सुप्रभात. फवारा हवा गार करायला, मीटिंगमध्ये ठरवून बसवलाय. ज्येष्ठांसाठी. तुम्हीही हात वर केला होता.

जोगळेकर काका (७:३३)
हात पंख्यासाठी वर केला होता. फवारा कुणाच्या साडूच्या दुकानातून आला ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मोघे (७:३४)
तीन कोटेशन फाइलला आहेत.

जोगळेकर काका (७:३४)
असतीलच.

वैद्य वहिनी, ए-२०३ (७:४०)
विषय निघालाच आहे तर सांगते. त्या फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने माझ्या कुरडयांवर आले. तीन किलो गव्हाचा चीक. ऊन असून दोन दिवस वाळल्या नाहीत.

मोघे (७:४२)
वहिनी, सोसायटीच्या कट्ट्यावर कुरडया घालायचं कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं?

वैद्य वहिनी (७:४३)
खायला आलात तेव्हा नाही विचारलंत.

निखिल (७:४४)
🙏🙏 वहिनी जिंकल्या

सुहास, बी-४०१ (८:०५)
एवढा खर्च करतोच आहोत तर बागेतल्या छत्रीला चारी बाजूंनी प्लास्टिकचे पडदे लावू आणि एक दीड टनी एसी टाकू. कतारने २०२२ ला उघडी स्टेडियमं गार केली, आपण काय एक छत्री नाही करू शकत?

अप्पा दामले, सी-१०४ (८:२०)
सुहास, तिथे गार हवा आसनांच्या खालून सोडतात, ती खड्ड्यात साचल्यासारखी खालीच राहते, आणि तीच परत ओढून पुन्हा गार करतात. स्टेडियमचा आकारच त्यासाठी बेतलेला. आपल्या छत्रीचा पडदा कुणी ना कुणी उचलणारच. दीड टनी एसी तासाला दीड युनिट खाईल आणि आतली गरमी मागच्या अंगाने वैद्यांच्या खिडकीत सोडेल.

वैद्य वहिनी (८:२१)
अजिबात नको.

कुलकर्णी काकू (८:२२)
टँकरचं रजिस्टर?

अप्पा दामले (८:३४)
आता बिलाचं. दोन कूलर मिळून ५०० वॉट, फवाऱ्याचा पंप एक हॉर्सपॉवरचा म्हणजे ७५०, मोठे पंखे दोन, ४००. बेरीज १६५०. संध्याकाळी सहाला लावून सकाळी आठला बंद होत असेल तर १४ तास, रोजचे २३ युनिट, महिन्याचे ६९०. आठ रुपयांनी साडेपाच हजार. जोगळेकरांचा आकडा बरोबर आहे. सहा ते दहा एवढंच चालवलं तर २०० युनिटसुद्धा होत नाहीत. दोष यंत्राचा नाही, स्विचचा आहे.

जोगळेकर काका (८:३६)
स्विच मीटर रूममध्ये. मीटर रूमची चावी मोघ्यांकडे. मोघे दहाला झोपतात.

मोघे (८:३७)
साडेनऊला. डॉक्टरांनी सांगितलंय.

निखिल (८:३८)
शब-ए-मालवा, मालव्याची ती नावाजलेली गार रात्र, आता कॉमन मीटरवर

जोशी आजी, ए-००२ (९:१०)
आमच्या लहानपणी ग्वाल्हेरला खिडकीत वाळ्याचे पडदे होते. दुपारी पाणी शिंपडायचं. वीज नव्हतीच, बिल कुठून येणार. सूर्य कलला की अंगणात सडा, की खाटा टाकायच्या. बाळांनो, भांडू नका.

अप्पा दामले (९:२५)
आजी, फवारा म्हणजे तोच वाळा, वर पंप बसवलेला. एक लिटर पाणी हवेत विरतं तेव्हा साधारण पाऊण युनिटाला थोडी कमी इतकी उष्णता ओढून घेतं. म्हणून आपल्या कोरड्या मे महिन्यात मजा येते. बाहेर ४२ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल तर ओलं फडकं २२ पर्यंत उतरतं. पण पाऊस तोंडावर आला, हवा ३४ आणि दमटपणा ७० झाला, की तेच फडकं २९ च्या खाली जात नाही. तेव्हा फवारा म्हणजे नुसती चिकचिक. आणि बोअरच्या पाण्याच्या क्षाराने निम्मे नोझल बुजलेत. थेंब जाड पडतात, हवेत विरायच्या आधीच खाली येतात. कुरडया त्यानेच भिजल्या.

वैद्य वहिनी (९:२६)
बघा.

कुलकर्णी काकू (९:४०)
तिसऱ्यांदा विचारते. टँकरचं रजिस्टर कुणी बघितलं? एप्रिलला ६ टँकर. मे महिन्यात १७. फोटो टाकलाय. एक ८०० ला.

सुहास (९:४१)
११ जास्त म्हणजे ८८०० 😳

अप्पा दामले (९:५२)
काकू, माफ करा, पाणी मी हिशोबात धरलंच नाही. नोझल वीस, तासाला ऐंशी लिटर. कूलर दोन्ही मिळून पन्नास. चौदा तासांचे अठराशे लिटर रोज. पाच हजार लिटरचा टँकर तीन दिवसही पुरत नाही. विजेपेक्षा पाणी महाग पडलं.

कुलकर्णी काकू (९:५३)
मी तेच म्हणत होते. सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून, नर्मदा पंपाने वर चढवून इंदूरला आणतात, आणि आपण ती रात्रभर कुत्र्यावर शिंपडतो.

जोगळेकर काका (९:५५)
काकूंचं बरोबर आहे. मी विजेचं म्हणत होतो तेही बरोबरच होतं.

मोघे (१०:०२)
ठीक आहे. टायमर बसवतो. कूलर सात ते नऊ. फवारा आजपासून बंद, नोझल साफ होईपर्यंत. टायमर कुठून घ्यायचा ते जोगळेकर साहेबांनी ठरवावं.

जोगळेकर काका (१०:०३)
साडू नाही मला.

जोशी आजी (१०:१०)
संध्याकाळी झारीने सडा मी घालते. दोन बादल्या पुरतात. झारी कुणाकडे आहे?

वैद्य वहिनी (१०:११)
माझ्याकडे. मोघे, फवारा नक्की बंद ना? उद्या पहाटे चीक शिजवते मग.