जुने फिल्म रोल सापडलेत, आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) किती ठेवू? तातडीने मदत हवी आहे

अंगणवेल:
बाबांच्या कपाटात फिल्मचे चार रोल सापडले. मुदत कधीच संपलेली आहे. रविवारी भाचीचं बारसं आहे, तिथे वापरायचेत. आयएसओ किती ठेवू? प्लीज लवकर सांगा.

निगेटिव्ह:
रंगीत की कृष्णधवल? मुदत कुठल्या सालची? कपाट कुठल्या गावात? एवढं कळल्याशिवाय आकडा कसा सांगणार?

सह्यकडा:
आधी फ्रीजरमध्ये टाका. माझे सगळे रोल हवाबंद पिशवीत, सिलिका जेल घालून तिथेच असतात. बाहेर काढल्यावर मात्र काही तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

निगेटिव्ह:
सह्यकडा, आता फ्रीजर कशाला? गारव्याने पुढची झीज मंदावते, झालेली भरून येत नाही.

सह्यकडा:
रविवारी चारही रोल संपणार आहेत का? उरलेले तरी टिकतील.

जुनापट:
उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' कोणी वापरलीय का? आम्ही मुदत उलटलेलीही बिनधास्त वापरायचो. थोडा फॉग (धुरकटपणा) यायचा, पण फोटो यायचे. कारखाना बंद पडला याचं फार वाईट वाटतं.

पिक्सेल_पुणे:
बारशाला मोबाइल पुरतो. कुठला घ्यावा यावर माझा वेगळा धागा आहे, बघा.

अंगणवेल:
मोबाइल आहे माझ्याकडे! कोडॅक गोल्ड २००, मुदत २००३. घर रत्नागिरीत, फ्रीजमध्ये कधीच नव्हते. कॅमेरा निकॉन एफएम१०. एका रोलचं टोक आत गेलंय, ते बाहेर कसं काढू?

निगेटिव्ह:
थांबा, तो रोल कॅमेऱ्यात घालू नका! टोक आत म्हणजे बहुतेक त्यावर फोटो काढून झालेत. पुन्हा वापरलात तर बाबांनी काढलेले फोटो कायमचे जातील. चिठ्ठी लावून वेगळा ठेवा आणि नेहमीच्या सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या) प्रक्रियेतच धुवून घ्या.
बाकीच्या तिघांना दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा (म्हणजे दुप्पट) प्रकाश; वीसेक वर्षांचे दोन स्टॉप, म्हणजे २०० ऐवजी ५०. कोकणातली दमट हवा धरून मी २५ ठेवीन. एवढ्या कमी आयएसओवर ट्यूबलाइटच्या उजेडात जमणार नाही, बाळाला अंगणात आणा. बारशासाठी एक ताजा रोलही जवळ असू द्या.

सह्यकडा:
स्लाइड फिल्मला (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र उमटतं) हा हिशेब कोणी लावू नका. उजळ भाग पांढरेफटक पडतात.

अंगणवेल:
स्लाइड नाहीये. तो टोक आत गेलेला रोल आधी धुवायचाय. रत्नागिरीत कोणी धुतं का, की मुंबईला पाठवू? कुरिअरमध्ये एक्स-रे लागेल का?