बंदूक बाबांच्या नावावर, बार मी काढला, कुत्रा काकांचा. आता काय?

बागायतवाला:
मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा आणि खरं काय ते सांगा, नुसतं 'भावा टेन्शन नको' नको. आम्ही सिंधुदुर्गातले, काजू, थोडी सुपारी, जोडीला शेळ्या. बाबांकडे शेती संरक्षणाची सिंगल बॅरल बारा बोअर आहे, जुनं लायसन, डुकरं-माकडांसाठी घेतलेली, पण खरं सांगायचं तर हल्ली तिचं काम एकच, निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा व्हायचं आणि निकालानंतर घरी यायचं.
गेल्या आठवड्यात पहाटे मांगराकडून, म्हणजे बागेतल्या गोठ्याकडून, शेळ्यांचा आरडाओरडा ऐकू आला, बॅटरी मारून बघतो तर पाच-सहा कुत्रे आत घुसलेले. काठी घेऊन धावलो तर एक सरळ अंगावर आला, पोटरीला नख लागलं. परत घरात पळालो, बंदूक काढली, काडतूस भरलं आणि जो कुत्रा शेळीच्या गळ्याला लागलेला त्याच्यावर बार काढला, तो जागेवर गेला. बाकीचे फुटले. मी काडतूस बदललं आणि गडग्यावरून उडी मारणाऱ्या एकावर दुसरा बार काढला, त्याला मागच्या पायात छर्रे लागले असावेत, लंगडत काजूत घुसला. उजाडल्यावर कळलं त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणजे आमच्या भावकीतल्या काकांचा कुत्रा. त्यांच्याशी सामाईक जमिनीवरून आधीच वाजलेलं आहे, त्यामुळे ते आता केस करणार म्हणून गावभर सांगत सुटलेत.
तीन शेळ्या मेल्या, त्यात एक गाभण, दोन जखमी आहेत. बाबा त्या रात्री घरी नव्हते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून कुडाळला ताईकडे होते. वाडीतले सगळे म्हणतात बार बाबांनी काढला असं सांग, म्हातारा माणूस आहे, कोण काय करणार. माझं म्हणणं मी काय चुकीचं केलं नाही, डोळ्यांदेखत शेळ्या फाडू द्यायच्या का? पण केस झालीच तर कुठली होईल, आणि बाबांचं नाव सांगणं बरोबर का?

खरं बोलतो:
शंभर टक्के बरोबर केलंत. लहानपणी आमच्याकडे नगरपालिकेची गाडी यायची आणि विषय संपायचा, कोणी रडत नव्हतं. आता शाळेत जाणाऱ्या पोराला चावलं तरी कुत्र्याची बाजू घ्यायला लोक पुढे. आणि सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय ना २०२५ मध्ये की पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे परत सोडायचे नाहीत? मग झालं तर. काकांना म्हणावं आधी तीन शेळ्यांचे पैसे टाका मग पोलीस स्टेशनची वाट धरा. आणि बाबांनी मारली म्हणून सांगून मोकळे व्हा, सत्तरीच्या माणसाला कोण आत टाकतंय.

कोर्टाची पायरी:
मी वकील नाही, तालुका कोर्टात एका वकिलांकडे बरीच वर्षं कारकुनी करतोय, त्यामुळे हे सल्ला म्हणून नको, वकिलाकडे जाण्याआधीची तयारी म्हणून वाचा.
आधी वरच्या दादांचं. ११ ऑगस्ट २०२५ चा जो कडक आदेश होता तो दिल्ली आणि आसपासचे कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा, २२ ऑगस्टला तीन जजांनी तो बदलला, नसबंदी-लसीकरण करून जागेवर सोडा, फक्त रेबीजवाले आणि आक्रमक सोडू नका. हे सगळं प्रशासनाला सांगितलंय, पकडून ठेवायला. कोणी घरातून बंदूक काढावी असं त्यात कुठेही नाही. मारण्याचं म्हणाल तर कुत्र्यांच्या नसबंदीचे २००१ चे नियम आल्यापासूनच ते बंद, मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने २००८ मध्ये उपद्रवी कुत्र्यांबाबत वेगळा निकाल दिला होता, त्यालाही सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्टे दिला. आता २०२३ चे नियम आहेत, जबाबदारी स्थानिक संस्थेची.
आता तुमची केस. कुत्र्याचा भाग आणि बंदुकीचा भाग वेगळे करा, लोक नेहमी गल्लत करतात. कुत्र्यासाठी लागेल भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, जनावर मारणं किंवा जायबंदी करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. पूर्वी जुन्या भारतीय दंड संहितेत ४२८ आणि ४२९ होते, दहा रुपयाचं जनावर आणि पन्नास रुपयाचं जनावर असा भेद, तो गेला. शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता कायदा, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, हो पन्नासच, साठ वर्षांत कोणाला वाढवायला सुचलं नाही.
बचाव आहे. स्वसंरक्षण म्हणतात ते कलम ३४ पासून पुढचं, पण ते गुन्ह्याविरुद्ध असतं आणि कुत्रा कायद्याने गुन्हा करू शकत नाही, म्हणून अशा ठिकाणी कलम १९ जवळचं पडतं. मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतू न ठेवता छोटं नुकसान केलं तर गुन्हा नाही. जुन्या ८१ मध्ये उदाहरणच आहे, आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणारा माणूस. तुमचा पहिला बार त्यात बसवता येईल, शेळीच्या गळ्याला दात लागलेले होते, तुमच्यावरही एक आलेला. दुसरा बार बसवणं अवघड. कुत्रा पळत होता, गडगा ओलांडत होता, आणि सिंगल बॅरल म्हणजे तुम्ही मोकळं काडतूस काढून नवीन भरलंत. तेवढा वेळ तुम्हाला होता हेच समोरचा वकील विचारणार.
पण तुमची खरी अडचण कुत्रा नाहीच. लायसन बाबांचं. शस्त्र कायद्यात दुसऱ्याची लायसनची बंदूक तुमच्या हातात म्हणजे विनापरवाना शस्त्र, कलम २५(१ब), २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं. कलेक्टरची मंजुरी लागते खटला चालवायला, कलम ३९, पण ती मिळते. आणि बाबांवरही येतं, चावी तुमच्या हाताला लागेल अशी ठेवली म्हणून, लायसन रद्द होऊ शकतं ते वेगळंच.
गंमत म्हणजे ३२५ मध्ये जनावराच्या मालकाशी तडजोड होते. काका उद्या म्हणाले मिटलं, तर त्यांच्या कुत्र्यापुरतं मिटलं. बंदुकीचं काकांना मिटवता येत नाही, ते सरकार विरुद्ध तुम्ही असं आहे.

मुंबईची माऊ:
मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे इथे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. पहिल्या गोळीबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या मांजराला कोणी तसं धरलं असतं तर हाताला येईल ते मी मारलं असतं. पण दादा तुम्ही एवढं लिहिलंत, लायसन, काका, जमीन, आणि तो लंगडत गेलेला कुत्रा कुठे आहे हे एका ओळीत पण नाही. छर्रे पायात घेऊन तो काजूत कुठेतरी पडला असेल तर आठवडाभर काय हाल झाले असतील. तुम्ही शोधलात का? आणि अजून एक, राग येईल, पण दुसरी गोळी शेळ्यांसाठी होती का रागासाठी? कोर्टाला नका सांगू, स्वतःपुरतं बघा.
बाबांचं नाव घालण्याबद्दल तर कमाल वाटते. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने अंधारात कुत्रा टिपला म्हणून सांगणार?

जनावरांचा डॉक्टर:
सगळे कलमांवर आहेत म्हणून लिहितोय, मी सरकारी दवाखान्यात आहे. बागायतवाले, तुम्ही लिहिलंय पोटरीला नख लागलं. रक्त आलं होतं का? आलं असेल तर आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस दिवस ०, ३, ७ आणि २८, आणि रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. आठवडा गेला म्हणून आता काय उपयोग असा विचार करू नका, उशीर झाला तरी घ्यायची. लक्षणं सुरू झाल्यावर या आजाराला औषध नाही.
दोन जखमी शेळ्यांनाही चावल्यानंतरचा कोर्स असतो, दिवस ०, ३, ७, १४, २८. जखमा साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवा, हातात मोजे घालून. सध्या त्यांचं दूध घरात नको. मेलेल्या शेळ्या कोणी कापून वाटून घेतल्या नाहीत ना? आपल्याकडे हे होतं म्हणून विचारतोय.
मेलेला कुत्रा पुरला असेल तर आता मेंदूचा नमुना घेण्यात अर्थ नाही. पण जो पट्टेवाला पळाला तो जिवंत असेल तर त्याला शोधण्याचं अजून एक कारण आहे, हल्ल्यानंतर दहा दिवस तो धडधाकट राहिला तर निदान त्याच्याकडून तरी धोका नव्हता असं म्हणता येतं. टोळीतल्या बाकीच्यांचं मात्र सांगता येणार नाही, म्हणून त्याच्या भरवशावर लस थांबवायची नाही.
आणि शेळ्यांचं पोस्टमॉर्टेम केलं का? आमच्या दाखल्यात गळ्याला, मागच्या मांडीला चाव्यांच्या जखमा असं येतं, ते तुमच्या कलम १९ ला कामाला येईल. काही लोक बिबट्या म्हणून वनखात्याकडे भरपाई मागतात कारण कुत्र्याने मारलेल्या जनावराला ते काही देत नाहीत, पण पंचनाम्याला येणारे लोक ठसे आणि चावे ओळखतात, त्या वाटेला जाऊ नका.

खरं बोलतो:
डॉक्टर, लसीचं बरोबर आहे. पण माऊताई, 'स्वतःपुरतं बघा' हे मुंबईत बसून सोपं आहे. गाभण शेळी गेली तर शेतकऱ्याचे किती गेले ते विचारा आधी.

मुंबईची माऊ:
विचारते की. काकांनी द्यावेत असंच माझंही मत आहे. पट्टा घालून रात्री मोकळा सोडायचा आणि सकाळी मालकी सांगायला यायचं, हे काय? पण म्हणून पायात छर्रे त्या कुत्र्यालाच का?

बागायतवाला:
सगळ्यांना एकत्र सांगतो. डॉक्टरांचं वाचून लगेच ग्रामीण रुग्णालयात गेलो, रक्त आलं होतं थोडं, लस सुरू केली, इम्युनोग्लोब्युलिन तिथे नव्हतं म्हणून ओरोसला पाठवलं, तिथे मिळालं. शेळ्या कापल्या नाहीत, पुरल्या, पण त्याआधी एलडीओ, म्हणजे पशुधन विकास अधिकारी, येऊन बघून गेलेले, त्यांचा दाखला आहे. फोटो पण आहेत.
कुत्रा जिवंत आहे. मी शोधला नव्हता हे खरं, माऊताई, काजूत जायचं मनातच आलं नाही. काकांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने गुपचूप फोन करून सांगितलं, दुसऱ्या दिवशी घरामागे सापडला, कुडाळला नेला, एक्स-रेमध्ये पाच-सहा छर्रे दिसले, पाय वाचेल म्हणतात. त्याने अजून एक सांगितलं, काकू काकांना म्हणते की रोज रात्री सोडता तुम्हीच, मग पोलिसात जाऊन काय तोंडाने सांगणार. दवाखान्याचं बिल मी द्यायला तयार आहे, पण शेळ्यांचे पैसे सोडणार नाही.
दुसऱ्या गोळीचं उत्तर मला देता येत नाही. त्या वेळी शेळ्या आणि राग असं काही वेगळं नव्हतं डोक्यात.
आता बाबा. त्यांना काल सांगितलं तर ते स्वतःच म्हणाले माझं नाव सांग, माझं काय राहिलंय आता. ते म्हणतायत म्हटल्यावर काय करू?

कोर्टाची पायरी:
बाबा म्हणणारच, बाप आहेत. पण बघा काय होईल. कुडाळला ताईकडे होते हे शेजारच्यांना माहीत, मोबाईलचं लोकेशन तिथलं, ऑपरेशनचे कागद डॉक्टरकडे. काका तर केस मजबूत करायला हेच शोधून काढतील. मग विनापरवान्याबरोबर खोटी माहिती दिल्याचं न्याय संहितेचं २१७, खरा माणूस लपवला म्हणून २३८, आणि त्यात बाबाही अडकणार. आत्ता त्यांच्यावर फार तर बंदूक नीट न ठेवल्याचं आणि लायसन जाण्याचं येईल, खोटं बोलले तर ते खोट्या माहितीचेही आरोपी होतील.
खोटं सांगू नका, पण याचा अर्थ आज उठून चौकीत जाऊन सगळं ओकून या असाही नाही. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कोणावर करता येत नाही, घटनेचं कलम २०(३). आधी फौजदारी बघणारा वकील, दिवाणीवाला नको, तो तुमच्या जमिनीच्या केसचा असेल तर तो तर नकोच. गुन्हा दाखल होईल अशी चिन्हं असली तर तो अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकेल. बंदूक हातात घेण्याचं कारणही कलम १९ मध्येच मांडता येतं, माणूस अंगावर आलेलं जनावर हटवताना लायसन कोणाचं हे बघत बसत नाही, पहिल्या बारापुरतं तरी हे बोलता येईल. जज ऐकतीलच असं मी लिहून देणार नाही.
तडजोडीचं करा, पण लेखी आणि वकिलासमोर. बिल तुम्ही, शेळ्या त्यांनी. त्यांच्याकडेही कलम २९१ चं ओझं आहे, पाळलेलं जनावर निष्काळजीपणे सोडणं, सहा महिने किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. काकूंना ते बहुतेक न वाचताच कळलंय.
आणि हे तुम्हाला आधी कोणी का नाही सांगितलं, २०१६ च्या शस्त्र नियमांत लायसनदाराचं वय सत्तर झालं किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली की वारसाच्या नावावर लायसनसाठी अर्ज करता येतो. तुमच्या बाबांचं दोन्ही झालेलं दिसतंय. सिंधुदुर्गात अशी कितीतरी घरं आहेत, लायसन आजोबांचं आणि रात्री राखणीला नातू. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असं आहे त्यांनी हा अर्ज टाका बाबांनो, काही घडायच्या आधी, कारण तुमच्यावर केस असेल तर कलेक्टर ऑफिस तो अर्ज बाजूला ठेवतं.

बागायतवाला:
सोमवारी कणकवलीच्या वकिलाकडे जातोय, फौजदारीवालाच. ग्रामपंचायतीला उरलेल्या टोळीचा अर्ज दिला, ग्रामसेवक म्हणाला आमच्याकडे पकडायला माणूस नाही, पोच मात्र घेतली. एकच विचारायचं राहिलं, दोन मोकळी काडतुसं अजून मांगराजवळच्या पत्र्यावर ठेवलीयत, बाबा म्हणतात विहिरीत टाक.

कोर्टाची पायरी:
अजिबात टाकू नका. बाबांच्या लायसनवर काडतुसांची नोंद असते, दोन कमी कशी हे विचारणारच, आणि पुरावा नष्ट केला म्हणून वरून अजून एक कलम. डब्यात घालून ठेवा, बंदूक साफ करू नका, आणि सोमवारी वकिलाला विचारून बंदूक डीलरकडे किंवा पोलिसात जमा करायची पावती घ्या. विहिरीचं पाणी पिता ना तुम्ही?

बागायतवाला:
हो पितो. डब्यात घातली. बाबांना तुमचं वाचून दाखवतो.