गंगापूर धरणाच्या काठावर फरशी घालायची की पाणी मुरवायचं?

गोदाकाठचा:
पहिल्या मोठ्या पावसानंतर नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी फिरायला गेलो होतो. लोक गाड्या लावतात तिथपासून थेट पाण्यापर्यंत गुडघाभर खोल घळ पडली होती आणि तिच्या तोंडाशी गढूळ पाणी पसरलेलं. साधा हिशेब करा. चाकांखाली चोपून टणक झालेली दहा गुंठे जमीन आणि 50 मिलिमीटर पाऊस, म्हणजे जवळजवळ 50 हजार लिटर पाणी, आणि ते सगळं एकाच पायवाटेनं खाली.

सिंहस्थाच्या तोंडावर इथंही कुणीतरी पेव्हर ब्लॉक सुचवेलच. त्याऐवजी पार्किंगच्या खालच्या अंगाला गवत-झुडपांचा खोलगट पट्टा करा, उताराला आडवे चर काढा, पायवाट नागमोडी वळवा. काठाला वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात.

सावरगावचा शेतकरी:
धरणात गाळ काय तुमच्या पार्किंगमधून येतो? वर त्र्यंबकच्या बाजूला डोंगर खरवडले जातायत, तिथं बोला. 2017 मध्ये सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली, म्हणजे धरणांतला गाळ सरकारलाही दिसतोय. पैसा वरच्या नालाबांधांना द्या. रविवारच्या भजीवाल्या गर्दीसाठी बाग कशाला?

गोदाकाठचा:
काका, वरच्या गाळाचं कबूल. पण वरची माती वाटेत ओढ्यात, बांधाला थोडी तरी थांबते. काठावरच्या मातीला थांबायला जागाच नाही.

पिचिंगवाला:
(पाटबंधाऱ्याच्या कामांवर निम्मी नोकरी गेली, म्हणून बोलतो.) वाळ्याचं एवढं सोपं नाही. पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात कितीतरी खाली जातं. मधला पट्टा काही महिने बुडालेला, काही महिने रणरणत्या उन्हात. शिवाय लाटा. तिथं दगडी पिचिंगच, म्हणजे उतारावर बसवलेला दगडांचा थर, आणि त्याखाली खडीचा थर हवा, नाहीतर लाटा फटीतून माती ओढून नेतात. लागवड पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे भरलेल्या धरणाचं पाणी जिथवर चढतं त्याच्या वर करा.

दुसरं, खोलगट पट्टा काळ्या मातीत नुसता खणलात तर पाणी मुरत नाही, डबकं होतं. खाली खडी-वाळू घाला आणि जास्तीचं पाणी बाहेर काढायला दगडी सांडवा ठेवा. दोन-तीन दिवसांत पट्टा कोरडा झाला नाही तर डासांची पैदास.

सावरगावचा शेतकरी:
बघा, साधा चर म्हणता म्हणता खडी, वाळू, सांडवा! आणि भेळीचे कागद, बाटल्या त्यातच अडकणार. दर मे महिन्यात उपसायची मजुरी कुणी धरलीय?

गोदाकाठचा:
धरायलाच हवी. पण फरशी केली तरी गटार उपसावंच लागतं ना?

सावरगावचा शेतकरी:
गटार तुंबलं की दिसतं, दादा. चर बुजला की लोक त्यावर गाडी लावतात.