नसबंदीनंतरचे पहिले तीन महिने

"आणखी मूल नको असेल तर नवऱ्याने नसबंदी करून घ्यावी, त्या दिवसापासून काळजी मिटते" असं बऱ्याचदा म्हटलं जातं. पहिलं अर्धं मला मनापासून पटलं. बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा ही कितीतरी सुटसुटीत, तेवढ्या जागेपुरती भूल देतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. पण "त्या दिवसापासून" हे चूक आहे, आणि याच चुकीपायी दिवस राहू शकतात. शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद केली तरी तिच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. ते निघून जायला साधारण ३ महिने लागतात.

माझ्या नवऱ्याची झाली तेव्हा ३ महिने आम्ही कंडोम वापरला, मग वीर्यतपासणी केली. रिपोर्टमध्ये थोडे शुक्राणू दिसलेच! महिन्याभराने पुन्हा वीर्याची डबी घेऊन तपासणीला गेलो, तेव्हा कुठे शून्य आलं. तोवर कंडोम सोडला नाही. कृपा करून ही तपासणी कुणी टाळू नका.

आणि पुढे मूल हवंसं वाटेल अशी थोडीशीही शंका असेल, तर आधी तांबीचा (बाईच्या गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) विचार करा. १० वर्षं चालणारी मिळते, काढली की लगेच दिवस राहू शकतात. नसबंदीची नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते.