जावई आकाशात, जीव नागपुरात
ताई, मिशनच्या पायलटचं विमान उडालं की घरच्यांचा जीव कसा राहतो, असं तुम्ही विचारलंत. माझी लेक आणि पायलट जावई पापुआ न्यू गिनीत माउंट हेगनला राहतात, म्हणून सांगते.

राजधानी पोर्ट मोरेस्बीहून त्या डोंगराळ भागात जायला आजही रस्ता नाही. मिशन एव्हिएशन फेलोशिप या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची विमानं तिथे १९५१ पासून उडतात ती त्यासाठीच. जावई सकाळी लवकर निघतात, कारण दुपारनंतर डोंगरांवर ढग उतरतात. कित्येक धावपट्ट्या म्हणजे गवताचा उतार. उतरायचं चढाच्या दिशेनं, उडायचं उताराच्या. जाताना लशींचे थंड डबे, येताना कॉफीची पोती, कधी अडलेली बाळंतीण. सामानासोबत माणसांचंही वजन करतात.

त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. मी नागपुरात सदरच्या घरी सकाळचा चहा ठेवते, तेव्हा लेक नातवाचा अभ्यास घेत असते, पण तिचा कान विमानाच्या आवाजाकडे.

मागच्या महिन्यात ढगांमुळे जावई एका गावातच मुक्कामी राहिले. दुपारी दीडला लेकीचा फोन आला, "आई, आज हे परत नाही आले, पण सुखरूप आहेत." तो 'पण' येईस्तोवर माझ्या हातातली वाटी सुटली होती. ढग दिसले की थांबणारा जावई मिळाला, याचंच मला मोठं समाधान आहे. नातवानं त्या रात्री बाबाचं ताट झाकून ठेवायला लावलं.

येत्या दिवाळीत येऊन राहिले सगळे. पुडाच्या वडीची फर्माईश आधीच आली आहे.